बाबांच्या छपरावरची रेघ

बाबा बोलता बोलता मध्येच थांबले. उजव्या हाताचा पंजा वर केला, डोळे मिटले आणि "मी त्या बाईंना स्पष्ट सांगितलं, की तुमच्या पियानोच्या खालच्या" एवढ्यावर वाक्य खुंटीला टांगून ठेवलं.

समोर शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी बिस्किट तोंडापाशी नेलं होतं, ते तसंच हवेत धरून ठेवलं. खिडकीबाहेर फाटकापाशी दोन बायका तावातावाने भांडत होत्या, त्याही आ वासून गप्प झाल्या.

मग विमान आलं. आधी लांबून घरघर, मग थेट छपरावर एक लांबलचक चिरकी हूऽऽऽ, कपाटातल्या काचा किणकिणल्या, आणि आवाज हळूहळू ओसरला. सगळं मिळून चाळीस सेकंद.

"सुरांतली एक तार उतरली आहे," बाबांनी वाक्य पुरं केलं. काकूंनी बिस्किट खाल्लं. फाटकापाशीचं भांडण ज्या शब्दावर थांबलं होतं, त्याच शब्दापासून पुढे सुरू झालं.

लेक बघतच राहिली. सात महिने ती दुसऱ्या शहरातल्या कामावर होती, आजच घरी आली होती. हे काय नवीन?

"हे असं किती वेळा होतं, बाबा?"

"कसं?" बाबांनी इतका साळसूद चेहरा केला, की तिला जास्तच संशय आला.

तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं. विमानतळावर उतरायला येणाऱ्या विमानांनी आभाळातून कोणत्या वाटेने यायचं, ती वाट ती आखत असे. जमिनीवरच्या रस्त्याला खडी लागते, डांबर लागतं. आभाळातल्या वाटेला नुसते आकडे लागतात. कोणत्या बिंदूवरून जायचं, किती उंचीवरून, किती वेगाने. कचेरीत तिला सगळे "फूटपट्टी" म्हणत, कारण ती टेबलावरचं पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवी. कुणी ते तिरकं केलं, तर बोलता बोलता नकळत सरळ करी. काही जण तिची गंमत करायला तेच पेन दिवसातून दहादा तिरकं करत.

सहा महिन्यांपूर्वी तिने आखलेली नवी वाट सुरू झाली होती. तिचा नियम दोन भागांचा. पहिला भाग असा, की विमानाने पंच्याण्णव टक्के वेळ आखलेल्या रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला एका मैलाच्या आत राहायचं. दुसरा भाग असा, की आपण नक्की कुठे आहोत याची विमानालाच खात्री वाटेनाशी झाली, तर त्याने ते झाकून ठेवायचं नाही. वैमानिकासमोर स्वतःहून इशारा द्यायचा. नव्या लोकांना शिकवताना तिचं पालुपद ठरलेलं असे, "पहिला भाग यंत्राचा. दुसरा भाग प्रामाणिकपणाचा. दुसरा नसेल, तर पहिल्यावर विश्वास ठेवू नका."

बाबांना हा पंच्याण्णव टक्क्यांचा हिशोब पहिल्यापासून मान्य नव्हता. बाबा पियानो सुरात लावत. पन्नास वर्षं हाच उद्योग. फोनवर ते म्हणाले होते, "शंभरातल्या पाच तारा उतरलेल्या असल्या, तर त्याला आम्ही वाद्य म्हणत नाही, बाळा. फर्निचर म्हणतो."

"अहो बाबा, आभाळात वारा असतो."

"आणि पियानोत दमट हवा असते. कारणं देवाने सगळ्यांना सारखीच वाटली आहेत."

तर अशी ही जोडी. दोघंही नेमकेपणाचे भुकेले. आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

काकू गेल्यावर लेक बाबांच्या कामाच्या खोलीत शिरली, आणि दारातच थबकली. या खोलीत एरवी एक वाद्य उघडं असायचं, फार तर दोन. आज पाच पियानो होते. पाचही चादरी पांघरून, आजाऱ्यांसारखे ओळीने उभे. खिडकीलगतचा मोठा काळा पियानो संगीतशाळेचा. त्याच्या झाकणावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरातलं पत्र होतं, अजून पाकिटात न घातलेलं.

"वयपरत्वे माझे कान आता साथ देत नाहीत. आपला पियानो न लावताच परत पाठवत आहे, क्षमा असावी. यापुढे मी काम बंद करत आहे."

तिने ते पुन्हा वाचलं. बाबांचे कान? लहानपणी ती जिन्यावरून चोरपावलांनी यायची, तेव्हा आतून आवाज यायचा, "डाव्या चपलेचा खिळा वर आलाय, काढून ठेव." ते कान गेले?

"बाबा, हे काय लिहिलंय?"

बाबा मागोमाग आले होते. पत्र बघून जरा गडबडले. "अगं, वय झालं. दोन तारा जुळवताना आवाजाच्या लाटा ऐकाव्या लागतात. तारांत केसभर फरक असला, तर सूर हलतो, वाँव-वाँव करत. जुळल्या की लाट थांबते. ती लाट आता मला ऐकू येत नाही. संपलं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"डॉक्टर काय करणार? देवाने दिलं होतं, देवाने घेतलं." एवढं म्हणून बाबांनी मान तिरकी केली, भिंतीकडे कान दिला आणि सहज बोलून गेले, "या काकूंना किती वेळा सांगितलं, मोरीतला नळ नीट बंद करा म्हणून. दोन दिवस ठिबकतोय."

भिंत वीटभर जाड होती. लेकीने भिंतीला कान लावला. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ती वळून बाबांकडे बघत राहिली. बाबांना आपली चूक कळली. पण बाण सुटला होता.

"कान गेले ना तुमचे?"

"ते... पाण्याचा आवाज वेगळा असतो."

तेवढ्यात पुन्हा घरघर सुरू झाली. बाबांचा पंजा आपोआप वर गेला. चिरकी हूऽऽऽ आली, आणि त्याबरोबर खोलीतले पाचही पियानो चादरींखाली गुणगुणले. प्रत्येक पियानोतली कुठली ना कुठली तार त्या आवाजाला ओ देत होती. लेक हे पहिल्यांदाच ऐकत होती. आवाज ओसरला, तारा मात्र अजून थरथरत होत्या. अशा खोलीत केसभर लाट ऐकायची म्हणजे जत्रेत मुंगीचं गाणं ऐकण्यासारखं.

तिने घड्याळात पाहिलं. चार मिनिटांनी पुढचं आलं. पाच मिनिटांनी त्याच्या पुढचं.

मग ती जमिनीवरच बसली, आणि म्हणूनच तिला ते दिसलं. मोठ्या पियानोच्या एका पायाखाली घडी घातलेला जाड कागद होता. जमीन उतरती म्हणून टेकू. तिने पियानो जरासा रेटून कागद ओढून काढला. बाबा "अगं, तो नको, डुगडुगेल," म्हणेपर्यंत तिने घडी उलगडली होती. चाकाचा गोल वळ उमटलेल्या त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "विमानांच्या आवाजाबाबत तक्रार." खाली बासष्ट सह्या.

"हे पोचतं करायला तुमच्याकडे दिलं होतं ना?" दारातून काकूंचा आवाज आला. चष्मा विसरला म्हणून त्या परत आल्या होत्या. "आम्ही समजलो, सरकारदरबारी पडलंय! आणि हे इथे पियानोखाली?"

"काकू, तुमचा नळ," बाबा म्हणाले.

"नळ गेला खड्ड्यात!" काकू लेकीकडे वळल्या. "ऐक ग बाई. सगळी गल्ली कागद घेऊन यांच्याकडे आली. हे म्हणाले, माझ्या लेकीने आखलेली वाट आहे, तिचं नाव खराब होईल, जरा दमाने घ्या. वर ती युक्ती शिकवली. विमान आलं की थांबायचं, गेलं की पुढे बोलायचं. आम्हीही शिकलो. आता तर माझा नवरा झोपेतसुद्धा घोरता घोरता चाळीस सेकंद थांबतो! पण यांच्या कामाचं काय? महिन्याला एक पियानो होत नाही. कान कसले जातायत यांचे! शेजारच्या घरातली माशी कुठल्या सुरात गुणगुणते ते सांगतील!"

काकू चष्मा घेऊन गेल्या. दार आपटलं. खोलीत दोघंच उरली.

"बाबा," लेक खालमानेने म्हणाली, "एक सांगायचंय. ती वाट इथून जाते, ते..."

"मुद्दाम. माहीत आहे मला."

ती चमकली.

"पहिल्याच आठवड्यात गच्चीवर ओळंबा टांगला होता मी," बाबा म्हणाले. "दोन काठ्या रोवल्या, दोरी ताणली, आणि चाळीस विमानं मोजली. एकूण एक आपल्या पाण्याच्या टाकीवरून. एवढं नेमकं योगायोगाने होत नाही, बाळा. योगायोग कसा, नेहमी दोन हात इकडे-तिकडे असतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. लहानपणी बाबा तिला संध्याकाळी गच्चीवर न्यायचे. विमानं तेव्हा मनाला येईल तशी जायची, एक डोंगराकडून, एक तळ्याकडून, आणि क्वचित एखादं थेट डोक्यावरून. ते आलं की बाबा टोपी काढून हलवायचे. नवी वाट आखताना तिला एक बिंदू ठरवायचा होता. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला लष्कराची गोळीबाराच्या सरावाची चांदमारी, मध्ये जागा बक्कळ. बिंदू त्या पट्ट्यात कुठेही चालला असता. तिने बाबांच्या टाकीचे अक्षांश-रेखांश काढले, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, आणि तेच भरले. बाबांच्या डोक्यावरून विमानं नमस्कार करत जातील, एवढाच भाव. वर त्याच बिंदूवर वेग कमी करायची सूचना ठेवली, म्हणजे बाबांना ती निवांत बघता येतील. वेग कमी करायला विमानं पंखांतल्या पट्ट्या बाहेर काढतात आणि तेव्हाच ती हूऽऽऽ उठते, हे तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि नियमात मैलाची मुभा होती ना, त्यामुळे विमानं मैलभर पसरून जातील, एखादंच नेमकं वरून जाईल, असं तिने धरलं. पण मुभा वेगळी आणि सवय वेगळी. आजकालची विमानं मैल वापरतच नाहीत. दोरीवरून चालल्यासारखी जातात.

"मग मला बोलला का नाहीत?"

"लेकीने कौतुकाने आभाळभर भेट दिली," बाबा म्हणाले. "ती परत कशी करायची? पावती कुठे होती माझ्याकडे?"

"ते पत्र पाठवू नका, बाबा."

"बाळा, संगीतशाळा वाट बघतेय."

"मलाही थोडी वाट बघू द्या. वाटाच आखते ना मी."

सोमवारी कचेरीत नव्या वाटेचा सहामाही आढावा होता. साहेब खुशीत होते. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. सहा महिन्यांची हजारो विमानं, एकावर एक काढलेले त्यांचे माग, आणि दिसत होती फक्त एक रेघ. केसासारखी.

"बघा, बघा!" साहेब म्हणाले. "मैलाची मुभा, आणि विमानं साठ-सत्तर मीटरच्या आत! पंच्याण्णव टक्के मागितले होते, नव्याण्णवच्या वर मिळाले. आणि तक्रार? एकही नाही. फूटपट्टीबाई, तुमचा हा आराखडा मी सगळीकडे नमुना म्हणून पाठवणार आहे."

टाळ्या वाजल्या. समोर बसलेले कॅप्टन, ज्यांनी तपासणीच्या विमानातून ही वाट सर्वांत आधी उडून पाहिली होती, त्यांनी मिशांतल्या मिशांत हसून अंगठा दाखवला.

लेकीने टेबलावरचं पेन सरळ केलं. मग पर्समधून तो कागद काढला आणि साहेबांसमोर ठेवला.

"एक तक्रार आहे, साहेब. बासष्ट सह्यांची."

"कधी आली? आणि हा मधोमध गोल डाग कसला?"

"पियानोच्या चाकाचा." मग ती उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच. "आराखड्यात एक रकाना आहे, बिंदू इथेच का. तिथे मी लिहिलंय, रचनेच्या सोयीसाठी. ते खरं नाही. तो बिंदू माझ्या वडिलांच्या घरावरची पाण्याची टाकी आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे सोय कुणाची?"

"वडिलांची, साहेब. आणि तीही झाली नाही."

मागच्या खुर्चीत कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. साहेब मात्र हसले नाहीत. "सुरक्षिततेत काही कमी-जास्त?"

"तसूभरही नाही. डोंगरापासूनचं अंतर, चांदमारीपासूनचं अंतर, सगळं नियमात. गणित खरं आहे. कारण खोटं आहे."

"बाई, मी हा नमुना म्हणून पाठवणार होतो!"

"म्हणूनच सांगितलं, साहेब."

कॅप्टन इतका वेळ तो गोल डाग बोटाने चाचपत होते. ते म्हणाले, "साहेब, एक विचारू? ही आपल्या पोरांना नियमाचा दुसरा भाग कसा शिकवते ते ऐकलंय तुम्ही? सरकलास, तर घंटा तूच वाजव. आता हिने वाजवलीय. वाजल्यावर घंटेलाच झोडपायचं, की विमान रेघेवर आणायचं?"

"दोन्ही," साहेब म्हणाले. पण आवाज जरा उतरला होता. त्यांनी तिच्या नोंदवहीत ताशेरा लिहिला. पुढचं वर्षभर तिच्या प्रत्येक आराखड्यावर दुसऱ्या आखणाऱ्याची सही लागणार होती. तिने मान खाली घालून ते ऐकलं. वावगं काहीच नव्हतं त्यात. मग साहेबांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "आणि आता ही रेघ हलवा. सोय म्हणून नव्हे. बासष्ट माणसं म्हणून."

तिने पेन आधी सरळ केलं, मग उचललं.

रेघ हलवणं म्हणजे रांगोळी पुसून नवी काढणं नव्हे. नवी रेघ अडीच किलोमीटर सरकवून तळ्यावरून न्यायची, आणि वेग कमी करायचा बिंदू आणखी मागे, भर पाण्यावर, जिथे ऐकायला बगळ्यांशिवाय कुणी नाही. त्यासाठी डोंगराची मोजणी पुन्हा, गणित पुन्हा, दुसऱ्याची सही, कॅप्टनची तपासणीची फेरी. आणि सगळं झालं तरी वाट लगेच बदलत नाही. जगभरातल्या वैमानिकांच्या नकाशांत असे बदल अठ्ठावीस दिवसांनी येणाऱ्या ठरावीक गुरुवारीच होतात. गल्लीला हे कळल्यावर काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चार महिन्यांनंतरच्या एका गुरुवारभोवती लाल गोल काढला. बाबांनी संगीतशाळेला नवं पत्र लिहिलं, "कानांची तब्येत सुधारत आहे. थोडा धीर धरावा."

तो गुरुवार उजाडला. लेक सकाळीच हजर झाली. काकू बिस्किटांची बशी घेऊन आल्या, फाटकापाशीच्या त्या दोघी आत येऊन बसल्या. आज भांडायला त्यांना वेळ नव्हता. मोठ्या काळ्या पियानोवरची चादर बाबांनी काढली. तारा पिळायची किल्ली हातात घेतली.

"तर मी त्या बाईंना म्हटलं, की संगीतशाळेचा पियानो म्हणजे" असं म्हणता म्हणता त्यांचा पंजा वर गेला. सवयच ती. वेळही विमानाचीच होती.

सगळे थांबले. काकूंचं बिस्किट हवेत.

चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. घरघर नाही, हूऽऽऽ नाही, कपाटातल्या काचा आपापल्या जागी गप्प. गल्लीत कुठेतरी सायकलची घंटी वाजली, ती इतकी स्पष्ट, की सगळे दचकले.

"आता काय करायचं?" काकूंनी कुजबुजून विचारलं.

"बोलायचं," बाबा म्हणाले. पण मगाचं वाक्य त्यांना आठवेना. ते स्वतःशीच हसले, पियानोवर वाकले, डोळे मिटले आणि एक पट्टी दाबली. सूर उठला, हलत, वाँव-वाँव करत. बाबांनी किल्ली केसभर फिरवली. लाट लांबली. आणखी केसभर. लाट आणखी लांबली, संथ झाली, आणि मग थांबली. उरला नुसता सूर, देवापुढे लावलेल्या समईच्या ज्योतीसारखा न हलता.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. लेकीने घड्याळात पाहिलं नाही.

दुपारपर्यंत मधल्या सप्तकाच्या सगळ्या तारा लागल्या. मग दोघं गच्चीवर गेली. ओळंब्याच्या दोन काठ्या अजून तशाच उभ्या होत्या. लांब तळ्यावर एक विमान उन्हात चमकत, आवाज न करता खाली उतरत होतं. बाबांनी टोपी काढली आणि हलवली.

"डोक्यावर होतं तेव्हा नुसतं पोट दिसायचं," ते म्हणाले. "आता अख्खं दिसतंय. देवाचंही असंच असावं. चार पावलं मागे सरल्याशिवाय दर्शन होत नाही."

"रागावला नाहीत ना, बाबा? भेट परत घेतली म्हणून?"

"छे. पण काय ग, ही तुझी विमानं शंभरातला किती वेळ रेघेवर असतात म्हणालीस?"

"नव्याण्णव टक्के."

बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मग उरलेला एक टक्का इकडे पाठव की कधी तरी. रविवारी पाठव. रविवारी मी पियानोला हात लावत नाही."

"खबरदार!" खालून, बंद खिडकीआडून काकूंचा आवाज आला.

बाबांनी लेकीकडे बघून भुवया उंचावल्या. "ऐकलंस? कान त्यांचेही चांगले झालेत."